शेंदूर लागलेलं दातेरी चाक

आमच्या धाकट्या भावोजींना काहीही विचारा, उत्तर एकच. "विचारून सांगतंय." आता बायकोला विचारून किंवा थोरल्या भावाला विचारून सांगणारे पुरुष मी पाहिले होते. भावोजी विचारायचे ते देवाला. देव्हाऱ्यात गावच्या देवाचा, म्हणजे महाराजांचा, छोटा पितळी मुखवटा होता. त्याच्या दोन्ही गालांवर तगरीची एकेक ओली पाकळी चिकटवायची, प्रश्न सांगायचा आणि हात जोडून बसायचं. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नको. ऐन मे महिन्यातसुद्धा तेव्हा घरातला पंखा बंद. शिंकायचीही चोरी! गावी हे काम देवळातल्या गुरवाचं. चारकोपच्या आमच्या बैठ्या खोल्यांत भावोजी स्वतःच गुरव आणि स्वतःच गाऱ्हाणं सांगणारे गावकरी.

मी पार्ल्याची, माहेरी असलं काही पाहिलेलं नाही. लग्न होऊन आले तेव्हा मला हसू आवरत नसे. एकदा म्हटलं, "भावोजी, टीव्ही घ्यायचा की नाही हे महाराजांना काय कळणार?" तर शांतपणे म्हणाले, "वयनी, तेंका नाय कळाचा. पण माका तरी खंय कळता?" कपाळ माझं!

पण एक नियम ते प्राण गेला तरी मोडत नसत. पाकळी पडलीच नाही, तर थांबायचं. शालनला, म्हणजे माझ्या जावेला, बघून आले तेव्हा दोन्ही पाकळ्या अशा चिकटून बसल्या की हलेचनात. मुलीकडचे निरोपावर निरोप पाठवताहेत, सासूबाई डोकं धरून बसल्यात, आणि हे आपले ढिम्म. दोन दिवसांनी उजवी पडली तेव्हा कुठे होकार गेला. शालन पुढे हसत सांगायची, "दोन दिवस मी त्या पाकळीला लटकले होते हो!" मी विचारलं, "आणि डावी पडली असती तर?" त्यावर भावोजी गडबडून म्हणाले, "तसा होवचाच नाय." म्हणजे मनातून पसंती होती! तरीही थांबले. असा माणूस.

गिरणी बंद पडल्यावर त्यांनी हाती आलं ते सगळं घालून जुना ट्रक घेतला. गिरणीत फिटर होते, हात चांगला होता. खाणीवरून दगड भरायचा आणि गोरेगाव-कांदिवलीच्या बांधकामांवर टाकायचा. आमच्या ह्यांची नोकरी होती, आमचं बरं चाललं होतं. पण भावोजींचं घर म्हणजे तो ट्रक. ट्रक फिरला तर त्यांची चूल पेटणार. आणि एका पावसाळ्यानंतर त्या ट्रकच्या मागच्या अॅक्सलमधून घरघर यायला लागली.

ट्रकच्या मागच्या चाकांच्या मधोमध तो लोखंडी गोळा असतो ना, त्याच्या पोटात एक मोठं दातेरी चाक असतं आणि एक लहान. मोठ्याला क्राऊन म्हणतात, लहानाला पिनियन. इंजिनाची सगळी ताकद त्या दातांतून चाकांत उतरते. आमच्या ट्रकचे दात झिजले होते. भावोजींनी कुर्ल्याच्या भंगारबाजारातून चांगली जोडी शोधून आणली. प्रश्न एवढाच होता, की बसवायची कुणी? गॅरेजमध्ये आधीच रांग लागलेली, आणि ट्रक तिथे अडकून पडला तर खाणीवरचं काम दुसऱ्याला जाणार. घरी बसवायची, तर हे काम भावोजींनी पूर्वी केलेलं नव्हतं.

शालन म्हणाली, "नको." मी म्हणाले, "अजिबात नको." आमचे हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "तुमचं तुम्ही बघा." आणि भावोजी काय म्हणाले ते सांगायला नकोच. पंखा बंद झाला. उजवी पाकळी टपकन पडली.

"बघलात?" ते म्हणाले. पण माणूस आंधळा नव्हता हो! दुसऱ्याच दिवशी गोरेगावच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे जाऊन नीट विचारून आले. मिस्त्रीने बजावलं होतं, "जोडी बसवलीस की तेलात शेंदूर कालवून दातांना लाव आणि फिरव. दातावर दात घासला की ठसा उमटतो. ठसा मधोमध आला पाहिजे. कडेला आला तर परत खोल, पिनियनमागच्या चकत्या बदल, परत बसव. कंटाळा केलास तर दात तुटणार." हे त्यांनी आम्हाला जसंच्या तसं सांगितलं, आणि मी जरा निर्धास्त झाले.

रविवारी काम काढलं. दारापुढच्या मोकळ्या जागेत ट्रक लाकडी ठोकळ्यांवर चढवला, चाकांना दगड लावले. पान्याला हात लावण्याआधी गाऱ्हाणं झालंच पाहिजे. भावोजींनी नारळ हातात धरून खड्या आवाजात सुरुवात केली, "बा देवा म्हाराजा! आज ह्या लेकरू गाडयेचे दात बदलता हा, तेच्या हाताक यश दी रे म्हाराजा!" प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी "होय म्हाराजा" म्हणायचं असतं. शालनने म्हटलं, मीही तोंडातल्या तोंडात म्हटलं. समोरच्या खोलीतल्या बाई गॅलरीत यावं तशा ओट्यावर येऊन बघत होत्या, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण काम काय देखणं केलं त्या माणसाने! दुपार कलेपर्यंत जुने दात बाहेर, नवे आत. ट्रकखालून काढलेला तो अख्खा गोळा फळीवर उभा करून ठेवला, दातांना शेंदूर फासला आणि हाताने फिरवला. मग उकिडवे बसून बघत राहिले. मीही वाकून बघितलं. ठसा कडेला आला होता.

"परत खोलूक व्हया," म्हणाले, आणि हातोडा आणायला आत गेले.

तेवढ्यात शालन बाहेर आली. संध्याकाळची दिवाबत्ती करून तिचा हात उदबत्तीसकट अंगणात फिरायचा, तुळशीपासून ट्रकच्या बॉनेटपर्यंत. फळीवर काहीतरी गोल, शेंदराने लालभडक. तिने विचार कशाला करायचा? दोन फुलं वाहिली, उदबत्ती ओवाळली, वाकून नमस्कार केला. शेंदूर दिसला की हात जोडायचे हे आपल्या लोकांच्या अंगातच असतं. भावोजी हातोडा घेऊन आले आणि जागच्या जागी थिजले.

"वयनी," ते म्हणाले, "आता हेका हातोडो कसो मारू?"

मी भडकलेच. "अहो, तो देव नाही, गिअर आहे! पुसा तो शेंदूर आणि उघडा!" शालन रडवेली होऊन "माझं चुकलं, खोला तुम्ही" म्हणत होती. पण तिचाही हात काही ती फुलं उचलायला पुढे होईना. फुलं मीच उचलली असती. पण भावोजींचा चेहरा बघून माझाही हात धजावला नाही, खरं सांगते.

"विचारून सांगतंय," म्हणाले, आत गेले आणि "न खोलता असोच चढवू काय रे म्हाराजा?" असा प्रश्न घातला. पंखा बंद झाला. आम्ही दोघी दारात उभ्या. हवा अशी दमट, की अंगाला कपडे चिकटत होते. पाकळ्या पडेनात. ना उजवी, ना डावी. भावोजी बसून राहिले, उठले, दाराबाहेर ट्रककडे बघून आले, पुन्हा बसले. सकाळी खाणीवर ट्रक नेला नसता तर काम हातचं जाणार होतं. शेवटी उठले आणि म्हणाले, "म्हाराज नको म्हणूक नाय." आणि गोळा तसाच आत चढवला.

शालनसाठी दोन दिवस थांबलेला माणूस त्या एका वेळी थांबला नाही.

त्यानंतर ट्रक घराकडे वळला की आवाजावरून कळायचं. बारीक, लांबलचक सूर. शालन स्वयंपाक करता करता थबकायची. भावोजी म्हणायचे, "दात नवे आसत, रुळतले." शब्द तेच, पण दर वेळी आवाज जरा अधिक मोठा.

दिवाळी सरली, आणि खाणीच्या चढावर दात तुटले. भरला ट्रक मागे घसरायला लागला, ब्रेक धरेना. खाली कामगारांच्या झोपड्या होत्या. भावोजींनी स्टेअरिंग पिळून ट्रक दरडीवर घातला. तो आडवा झाला, दगड विखुरले, खाली कुणाला खरचटलंसुद्धा नाही. भावोजींचं खुब्याचं हाड मोडलं. पुढे काठी घेऊन चालू लागले, पण ट्रकवर चढणं संपलं. ट्रक भंगारात गेला. शालनने त्या दिवसापासून उदबत्ती हातात धरणं सोडलं. दिवा मीच लावायचे. ती कुणाशी बोलेना, नवऱ्याशी तर नाहीच.

भावोजी आणि शालनने गावी परत जायचं ठरलं. निघण्याच्या आदल्या दिवशी भावोजींनी माळ्यावरून गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी उतरवायला सांगितलं. ते तुटक्या दातांचं क्राऊन होतं. ट्रक विकताना त्यांनी तेवढं मागून घेतलं होतं. शेंदूर लागलेलं भंगारात कसं द्यायचं? विसर्जनच करायला हवं. मग आम्ही तिघं रिक्षाने खाडीवर गेलो. भरतीचं पाणी काठाला लागलं होतं. भावोजी काठीवर भार देऊन उभे राहिले, मी आणि शालनने मिळून ते जड चाक धरलं.

"बा देवा म्हाराजा," त्यांनी सुरुवात केली. आवाज पूर्वीसारखा खडा नव्हता. "ह्या सगळ्यात चूक शालनची नाय रे म्हाराजा!"

शालनचे खांदे हलायला लागले. मी म्हटलं, "होय म्हाराजा!"

"चूक तुझी नाय. तू गप रवलंस, मी होय समाजलंय."

"होय म्हाराजा!"

"चूक माझी. एकट्याची माझी रे म्हाराजा!"

ते थांबले. कुणीतरी होय म्हटल्याशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही. शालन माझ्याकडे बघत होती. आयुष्यभर एक पाकळी हलवण्याची हिंमत न झालेला हा माणूस, त्याने त्या चढावर कुणालाही न विचारता स्टेअरिंग पिळलं होतं. मला राग आला. त्यांचाही, त्यांच्या महाराजांचाही.

"नाय म्हाराजा!" मी ओरडले.

भावोजी दचकले. "वयनी, असा म्हणतत काय?"

"म्हणतात," शालन म्हणाली. कितीतरी दिवसांनी ती त्यांच्याशी बोलत होती. मग खाडीकडे तोंड करून तिने रडत रडत, पण चांगलं मोठ्याने म्हटलं, "नाय म्हाराजा!" आणि आम्ही चाक सोडलं.