नवऱ्याच्या मागून बोलणारी

तारापूरच्या एका बांधकामावर मी टायपिस्ट होते. घमेली वाहणाऱ्या बायकांच्या वतीनं एकच बाई बोलायची. साहेब बाईमाणसाशी बोलत नसत. मलाही निरोप शिपायाकडून येई. म्हणून ती मुक्या नवऱ्याला पुढे उभं करी आणि पदर मुठीत धरून मागून बोले. साहेब उत्तर नवऱ्याला देत.

नवरा वारल्यावर ती बायकांच्या तान्ह्या पोरांसाठी छप्पर मागायला एकटी आली.

"तिला म्हणावं, माणूस घेऊन ये," साहेब शिपायाला म्हणाले.

तिनं वाळू चाळणारा एक गडी आणून उभा केला. छप्पर मिळालं.

"कोन बी चालतं बाय, नुसता उभा रायला पायजे," ती मला म्हणाली.

साहेबांनी त्या गड्यालाच मुकादम केलं. पुढल्या खेपेला ती पिण्याच्या पाण्याचं बोलू लागली, तेव्हा तो मागे न वळताच म्हणाला, "तू गप बस गो. सायबाशी मी बोलतो."