बगळा छाप काडतुसं

आमच्या नेमबाजी क्लबाच्या भांडारात मी एकोणीस वर्षं आहे. बंदूक हातात घेतली की माझे डोळे आपोआप मिटतात, म्हणूनच बहुधा मला कपाटांच्या किल्ल्या दिल्या असाव्यात. नीटनेटकेपणाचा मात्र मला भारी माज. बायको म्हणते, चहा संपायच्या आत तुम्ही कप विसळता.

क्लबातल्या सगळ्यात जुन्या नेमबाज म्हणजे माझ्या सासूबाई. वय बहात्तर. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं आणि दर रविवारी हवेत उडणाऱ्या मातीच्या तबकड्या फोडल्या. माझ्याशी कमी बोलतात. बोलण्यासारखं माझ्यात काही नाही असं त्यांचं मत आहे, आणि त्यांचा नेम सहसा चुकत नाही.

गेल्या वर्षी त्यांच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बंदूक बंद केली. सासूबाईंनी हुज्जत घालून एक शेवटची फेरी पदरात पाडून घेतली: पंचवीस बार, तेही काडतूस हलकं असेल तरच. हलकं म्हणजे बगळा छाप. पिवळ्या नळीवर बगळ्याचं चित्र, आत दारू कमी, खांद्याला धक्का जेमतेम. कारखान्याने ते चार वर्षांपूर्वीच बंद केलेलं.

"जावईबापू, तुमच्या कपाटात असतील ना?"

"नाहीत, आई. पण मी शोधून आणतो," मी छाती फुगवून म्हणालो.

सात दुकानांना फोन केले. एकाने खांद्याला उशी बांधायचा सल्ला दिला. दुसरा म्हणाला, "बगळा मागणारे तुम्ही दुसरेच. पहिले वारले." शेवटी शेजारच्या शहरातल्या एका निवृत्त बंदूक-मिस्त्रींचा पत्ता लागला. सासूबाईंचा परवाना आणि सगळे कागद घेऊन मी बसने गेलो.

मिस्त्रींकडे दोन खोकी होती. त्यांनी एक काडतूस कापलं, छर्रे आणि दारू कागदावर पसरली, बोटाने चाचपून बघितली. "कोरडी आहे. चालतील."

"तुम्हाला कुठे मिळाली?"

"एका क्लबाच्या भांडारवाल्याने साफसफाईत काढून टाकली. मूर्खच असणार."

"अगदी!" मी म्हणालो.

त्यांनी खोकं फिरवलं. वर चिकटवलेली चिठ्ठी माझ्याच अक्षरात होती: 'जुना माल. आता कोणीही वापरत नाही.' खाली माझी झोकदार सही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. मी तर आधी कळसाच देऊन टाकला होता.

परतीच्या बसमध्ये नखाने चिठ्ठी खरवडत बसलो. निघेना. डिंकही मीच लावलेला ना!

रविवारी मैदानावर सासूबाईंनी चष्मा लावून ती वाचली. आता बार उडणार म्हणून मी मान खाली घातली. पण त्या हळूच म्हणाल्या, "तुम्ही ही साफसफाई केलीत तेव्हा मी सहा महिने आले नव्हते. तुमच्या सासऱ्यांच्या उशाशी बसले होते. पण परत येणारच होते की."

त्या का येत नव्हत्या, ते मला ठाऊक होतं. तरी त्या आता काही परत येत नाहीत, हे मी माझं मीच ठरवून मोकळा झालो होतो. इतकी शरम वाटली की त्यावर विनोदसुद्धा सुचला नाही.

"पेन आहे? मग दुरुस्ती करा."

मी 'कोणीही वापरत नाही' खोडलं आणि वर लिहिलं, 'आई वापरतात.' त्यांनी मान डोलावली, बंदूक उचलली आणि पंचवीसपैकी एकवीस तबकड्या फोडल्या. खांदा एकदाही चोळला नाही.

मी बंदूक उतरवून घ्यायला हात पुढे केला. त्यांनी त्या हातात दुसरं खोकं ठेवलं. "यात चोवीस आहेत. डॉक्टरांशी मी बोलते. कपाटात ठेवा."

मी ठेवलं, कुलूप लावलं. त्यांनी तळवा पुढे केला.

त्या कपाटाची किल्ली तेव्हापासून सासूबाईंच्या पर्समध्ये असते. माझ्याच भांडारातलं कपाट झाडायचं झालं, तर मला आधी सासरी फोन करावा लागतो.