तिसऱ्या दिवशीची आश

इराणातल्या अराक शहरात, आमच्या गल्लीत कुणाकडे जेवणावळ असली की पहिला सांगावा तूबा खानमला जायचा, मग पाहुण्यांना. कोथिंबीर, पार्सली, शेपू, मेथी, लसणाच्या पातीसारखी दिसणारी तरे, अशा जुड्यांचा ढीग तिच्या दारात येऊन पडे. ती तो निवडायची, चार पाण्यांतून काढायची, चादरीवर पसरून कोरडा करायची आणि सासूच्या वेळच्या रुंद सुरीनं चिरून द्यायची. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्यानं पाला चिरायचं यंत्र आणलं, तेव्हा सगळ्यांनी तिला चिडवून घेतलं. ती मुद्दाम जाऊन यंत्रातला मूठभर पाला चिमटीत धरून बघून आली. म्हणाली, "हे चिरत नाही, ठेचतंय. पाणी सुटलंय बघा. बिचारी कोथिंबीर रडतेय." वर्षभरात निम्मी गल्ली तिच्याकडे परत आली. उरलेली निम्मी पाहुणे मोठे असले की गुपचूप यायची.

बाई गोड मुळीच नव्हती. नाकावर माशी बसू द्यायची नाही. कुणी मेथी जास्त आणली तर तोंडावर विचारायची, "कालवण करायचंय का काढा?" आणि जास्तीची मेथी परत पिशवीत कोंबायची. नवरा गेला तेव्हा त्याच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाचा पालासुद्धा तिनं स्वतःच चिरला. नणंद म्हणाली, "आज तरी सुरी ठेव खाली. गेलेल्या माणसाला काय कळतंय?" तूबा म्हणाली, "त्याला नाही, पण मला कळतंय ना." आणि डोळे पुसत पुसत दहा किलो पाला संपवला.

तेव्हा तिची लेक शीदे चौदा वर्षांची होती. पुढं शीदे नर्स झाली. रोज ड्यूटीला निघताना तिच्या डब्यात कुकू असायचा. चिरून उरलेला सगळा पाला चार अंड्यांत कालवायचा, त्यात थोडे अक्रोड टाकायचे आणि मंद आचेवर जाडजूड थापायचा, इतकं सोपं काम. पण अंडी कमी आणि पाला जास्त, हे तूबाचं म्हणणं ठाम होतं. शीदेच्या वाट्याला त्यातला एखादा तुकडा यायचा. बाकीचा सगळा वॉर्ड खायचा. "तुझी आई आम्हाला दत्तक घेईल का विचार," असं तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्याचं तूबा गल्लीत निदान वीस जणींना सांगून झाली होती.

मग शीदेनं जर्मनीला जायचं ठरवलं. आठ महिने ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून जर्मन शब्द घोकत होती, आणि ती घोकायला लागली की तूबाची सुरी जोरात आपटायला लागायची. भांडण असं झालंच नाही. तूबानं नुसता अबोला धरला. निघायच्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या परीरुखनं दारात कुराण उंच धरलं, शीदे त्याखालून गेली, आणि तिच्या पाठोपाठ रस्त्यावर वाटीभर पाणी टाकलं तेही परीरुखनंच. ही सगळी आईची कामं. आई स्वयंपाकघराचं दार लावून आत होती. शीदे दाराशी येऊन म्हणाली, "मामान, निघते मी." आतून सुरीची टकटक तेवढी ऐकू आली. त्या वेळी फळीवर एक पानसुद्धा नव्हतं. तूबा रिकामी फळी चिरत होती.

राग तर त्याच संध्याकाळी उतरला. उरली ती लाज. दुसऱ्या दिवशी सकाळपासून शीदेचा फोन तीनदा वाजला आणि तीनदा तूबानं त्याच्याकडे बघून नजर दुसरीकडे वळवली. काय बोलायचं तेच तिला सुचेना.

त्यात तिसरा दिवस जवळ येत होता. माणूस प्रवासाला गेलं की तिसऱ्या दिवशी त्याच्या घरी पाल्याची आणि शेवयांची दाट सारासारखी आश शिजते आणि गल्लीभर वाटली जाते. जाणाऱ्याची वाट सुखाची व्हावी आणि ते माणूस परत यावं, म्हणून. आश शिजवायची म्हणजे लेकीचं जाणं कबूल करायचं. नाही शिजवली तर या घरानं पोरीचं नाव टाकलं असं गल्ली समजणार, आणि गल्लीला समजलेलं जर्मनीला पोचायला वेळ लागत नाही. तूबाला दोन्ही नको होतं.

त्याच दुपारी परीरुख पिशव्या घेऊन खाली आली. तीस वर्षांपासूनची शेजारीण, जिभेनं तूबाच्या तोडीची.

"आशीचा पाला आहे," पिशव्या ओट्यावर टेकवत ती म्हणाली. "बारीक चीर."

"तुझ्याकडून कोण गेलंय गावाला?"

"कोणी नाही. आश खावीशी वाटली."

"चार किलोची?"

"भूक लागलीय मोठी. तू चीर ना, चौकशा कशाला?"

तूबानं पिशव्या जवळ ओढल्या. पालक, कोथिंबीर, पार्सली, तरे, सगळं तिनं निवडलं. एरवी ती पिवळं पान तेवढं काढायची. त्या दिवशी जरा मऊ पडलेलं पानही तिनं बाजूला टाकलं. संध्याकाळी परीरुख न्यायला आली तर पिशवी जड लागली.

"दोन जुड्या पुदिना घातलाय घरचा," तूबा तिच्याकडे न बघता म्हणाली. "तुला आवडतो ना."

"मला? पुदिन्यानं माझ्या छातीत जळजळतं हे तीस वर्षं बघतेयस तू."

"मग घालू नकोस!" म्हणून तूबानं दार लावून घेतलं. पुदिना कुणाला आवडतो हे दोघींनाही माहीत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तूबा आपल्या स्वयंपाकघरात हात मांडीवर ठेवून बसली होती. दोन्ही घरांच्या खिडक्या एकाच बोळकांडीत उघडतात. वरून कांदा तळल्याचा वास आला, तिनं सोसला. लसणाचा आला, तोही सोसला. मग डाळी-कडधान्यात पाला पडल्याचा तो ओला हिरवा वास खाली उतरला. तरी ती उठली नाही. आपल्या लेकीची आश दुसरीच्या चुलीवर शिजतेय आणि आपण इथं दगडासारख्या बसलोय, हे तिला चांगलं कळत होतं. पण उठायचं कसं, ते काही केल्या जमेना.

तेवढ्यात वरून आवाज आला. कट्. कट् कट्.

तूबा ताडकन उठली. एक फडताळ उघडलं, काहीतरी काखेत मारलं आणि गुडघेदुखी विसरून दोन जिने चढून गेली. परीरुखच्या हातात शेवयांची जुडी होती. पातेल्यात मावाव्यात म्हणून ती त्या अर्ध्यातून मोडत होती.

"मोडल्यास? अगं, प्रवासाच्या आशीतल्या शेवया मोडल्यास?" तूबा ओरडली. "पोरीची वाट मोडलीस तू! कुणी शिकवलं तुला?"

"माझ्या सासूनं."

"तरीच तुझा नवरा कुठं गेला नाही आयुष्यात! सरक!"

"पातेलं लहान आहे, तूबा."

"पातेलं लहान नाही, तुला धीर नाही. अख्ख्या टाकायच्या, बुडाकडून मऊ झाल्या की आपसूक आत वाकतात." तिनं मोडलेल्या शेवया वेचून बाजूला केल्या आणि काखेतली पुडकी ओट्यावर ठेवली. दोन पुडकी, लांब, अख्ख्या शेवयांची. त्यावरची चिठ्ठी बाजारातल्या जुन्या शेवयावाल्याची होती, आणि तो तर दहा दिवसांपासून दुकान बंद करून गावी गेला होता.

परीरुखनं चिठ्ठी वाचली. "म्हणजे ती जायच्या आधीच आणून ठेवलीस तू?"

"बडबडू नकोस. झारा दे."

तूबानं शेवया पातेल्यात उभ्या सोडल्या आणि त्या हळूहळू वाकून पाल्यात शिरेपर्यंत वाट बघितली. मग ढवळायला लागली. ढवळता ढवळता तिचं लक्ष समोर गेलं. हळदीच्या बरणीला फोन टेकवून ठेवला होता आणि त्यात शीदे होती. केस न विंचरलेली, स्वेटर घातलेली. ती पहिल्यापासून सगळं ऐकत होती.

"मामान," शीदे म्हणाली.

तूबाचा हात थांबला नाही. "जेवलीस?"

"ब्रेड खाल्ला."

"नुसता?"

"नुसता."

"कोथिंबीर मिळते का तिथं?"

"मिळते. एका जुडीत सात काड्या."

"सात काड्यांना जुडी म्हणतात? माणसं आहेत का कोण," तूबा म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला.

परीरुखनं ओढणीनं नाक पुसलं. "तूबा, ढवळणाऱ्यानं मागायचं असतं. मोठ्यानं माग, पोरीच्या कानावर पडू दे. म्हण, गेली तशी लवकर परत येऊ दे."

गेले आठ महिने तूबानं दुसरं काही मागितलंच नव्हतं. परीक्षेत नापास होऊ दे, कागद अडकू दे, पोचली तरी न आवडून महिन्याभरात माघारी येऊ दे. दर नमाजाला हेच. आता ते मोठ्यानं म्हणायची मुभा होती, उलट तसं म्हणायचीच रीत होती, आणि तिला ते म्हणवेना. तिनं फोनमधल्या त्या न विंचरलेल्या डोक्याकडे एकदा नीट पाहिलं.

"या खुदा," ती म्हणाली, "माझ्या लेकीला तिथं करमू दे."

"अगं बाई, हे काय!" परीरुख दचकली. "परतीचं माग! आश परतीसाठी असते!"

"मला जे मागायचं ते मी मागितलं."

फोनमध्ये शीदे दोन्ही हातांनी तोंड झाकून रडत होती. तूबाही रडत होती, पण ढवळत होती, कारण शेवया टाकल्यावर हात थांबला की आश तळाला लागते.