आबांच्या रक्तातलं अक्षर

माझी मुलगी चार वर्षांची होत आली तेव्हा तिचा तोल जायला लागला. त्याआधी ती चांगली पळायची. आता जुन्नरच्या बाजारात माझं बोट धरून चालताना मधेच भिंतीकडे झुकायची. चप्पल मोठी झाली असेल म्हणून आम्ही नवी घेतली. मग तिच्या हातातला पाण्याचा पेला हिंदकळायला लागला, आणि चप्पल हा विषय संपला.

डोक्याचा फोटो झाला, तऱ्हेतऱ्हेचं रक्त तपासून झालं. शेवटी पुण्याच्या डॉक्टरांनी जनुकांची तपासणी सुचवली. तिथल्या एका तरुण मॅडमनी आम्हा नवराबायकोला समोर बसवून समजावलं. आपल्या पेशीत चार अक्षरांत लिहिलेला लांबलचक मजकूर असतो, जवळजवळ तीनशे कोटी अक्षरांचा. त्याची एक प्रत आईकडून येते, एक वडिलांकडून. तो सगळा वाचायचा आणि कुठं काय बदललंय ते शोधायचं.

"म्हणजे चूक सापडंल," माझा नवरा म्हणाला.

"प्रत्येक बदल म्हणजे चूक नसते," त्या म्हणाल्या. "तुमच्यात आणि माझ्यात लाखो ठिकाणी अक्षरं वेगळी आहेत. बहुतेकांनी काहीच बिघडत नाही. बिघडवणारं नेमकं कोणतं, ते ओळखणं अवघड."

रिपोर्ट यायला बरेच आठवडे गेले. एका जनुकात एक अक्षर बदललेलं होतं. पण तसा बदल आजवरच्या नोंदींत कुणाचाच नव्हता, त्यामुळे त्याचा अर्थ सांगता येत नव्हता. आजार असेल, नुसतं वेगळेपणही असेल. मी तीन-तीनदा विचारलं. मॅडमनी तीन-तीनदा तेच, तितक्याच हळू आवाजात सांगितलं.

मग आम्हा दोघांचं रक्त गेलं. माझं माहेर आंबेगाव तालुक्यातलं. सासरी तोवर सगळे मलाच विचारत, तुमच्याकडं कुणाला असं व्हतं का? अक्षर निघालं नवऱ्याकडून. त्या दिवसापासून ते प्रश्न बंद झाले, पण मला त्याचं काही सुख झालं नाही. नवरा मुलीला जेवू घालायचा, अंघोळ घालायचा, फक्त तिच्या डोळ्यांत बघायचा नाही.

नवरा धडधाकट होता, पण असे आजार कधी उशिराही दिसतात, म्हणून मॅडमनी पुढचं विचारलं, "यांच्याकडे ते कुणाकडून आलं? वडिलांचं रक्त मिळेल का?" सासूबाई गेलेल्या. आबा, माझे सासरे, आणे गावी राहतात. ऐंशीच्या घरात आहेत, पण पठारावर गुरांमागं अजून हिंडतात. निरोप मिळाला तशी सकाळच्या एसटीनं आले. स्वच्छ धोतर, नवी टोपी, जणू लग्नाला निघालेत. सुई टोचताना त्यांनी तोंड फिरवलं नाही. बाहेर आल्यावर मला एकटीला म्हणाले, "माज्यातच निघू दे. पोरगा लई झुरतोय. मी म्हातारा, मला काय व्हनार हाय?"

त्यांच्यातच निघालं. नवऱ्यानं फोनवर सांगितलं, तेव्हा पलीकडून आबा नुसते "बरं" म्हणाले. दुसऱ्या दिवशी मुलीसाठी भुईमुगाच्या शेंगा घेऊन दारात हजर. तिला जवळ घेतलं आणि डोळे पुसत राहिले. "माफ कर गं बाई," तिला म्हणत होते. तिला काही कळेना. ती शेंगा फोडत होती. फोडता येईना म्हणून चिडत होती.

दुपारी मॅडमशी बोलणं झालं. त्यांचा आवाज जरा मोकळा होता. इतक्या वयाचा माणूस तेच अक्षर घेऊन ठणठणीत चालतोय, म्हणजे आजार त्या अक्षरामुळं असण्याची शक्यता फारच कमी. नवरा खुर्चीवर बसला आणि चेहरा झाकून रडला. बऱ्याच दिवसांनी त्यानं पोरीला उचलून पोटाशी धरलं.

आबांना मी समजावलं. तुमच्यामुळं नाही, यांच्यामुळंही नाही.

"मंग कशामुळं?"

"ते ठाऊक नाही, आबा."

"येवढं समदं वाचलं, तरी न्हाई?"

"वाचता आलं. सगळ्याचा अर्थ लागत नाही अजून."

मी काहीतरी लपवतेय असं त्यांना वाटलं असावं. लपवायला तरी काही हवं होतं. हाताशी एक अक्षर होतं, चुकीचं का असेना, रात्रंदिवस त्यालाच दोष देत होतो. आता तेही गेलं.

मॅडम म्हणाल्या, माहिती वाढत असते, दोन-एक वर्षांनी हाच मजकूर पुन्हा तपासू. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

मुलगी आता शाळेत जाते. नवरा तिला मोटरसायकलवर पुढं बसवतो, ओढणीनं पोटाशी बांधतो. फाटकापासून वर्गापर्यंत मी सोबत असते. गेल्या महिन्यात तिनं माझा हात झटकला. "धरू नको ना आई, सगळ्या बघतात." मी सोडला. ती भिंतीला हात लावत, पाय फाकवत निघाली. मधे दोनदा थांबली. मी फाटकाशी उभी राहिले, हात पदरात गुंडाळून, आपोआप पुढं जाऊ नयेत म्हणून.