ड्रायव्हरदादांची पहिली सुई

दादांचा पाय बसखाली-बिसखाली सापडून मोडला असता, तर निदान डेपोत तोंड दाखवायला जागा उरली असती. पण उभी हयात डोंगरातल्या वळणांवर बस चालवलेला हा माणूस पडला तो घरातल्या स्टुलावरून, बल्ब बदलताना. कंडक्टरला डेपोत सगळे मास्तर म्हणत, तसे दादांच्या गाडीवरचे मास्तर भेटायला आले, मांडीपर्यंत चढवलेलं प्लॅस्टर त्यांनी वरून खालपर्यंत न्याहाळलं आणि अगदी गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "दादा, स्टुलाला ब्रेक नव्हते का हो?"

दादा हसले, पण ते तेवढ्यापुरतंच. त्यांची खाट खिडकीशी लावली होती. पाय जायबंदी, हात मात्र धडधाकट, आणि या रिकाम्या हातांनीच त्यांचा जीव नकोसा करून टाकला होता. पेपर वाचून व्हायचा, रेडिओ ऐकून व्हायचा, आणि मग हात उशीच्या कडा धरून आपोआप डावी-उजवीकडे वळायला लागायचे. दादांच्या पत्नी, सगळ्यांच्या वहिनी, दवाखान्यात नर्स होत्या. सकाळी गेल्या की संध्याकाळी परत. म्हणून दादांची थोरली बहीण, ताई, मदतीला येऊन राहिली.

ताई येताना एक बॅग कपड्यांची आणि एक पिशवी क्रोशाची घेऊन आली. या पिशवीवाचून ती कुठं गेल्याचं कुणाला आठवत नव्हतं. भाजी शिजेपर्यंत, दूध वर येईपर्यंत, शेजारीण बोलायची थांबेपर्यंत तिची सुई चालूच. नजर भलतीकडेच, आणि बोटांतून नक्षी उतरत राहायची. दादा खाटेवरून ते बघत बसायचे. बघता बघता एके दुपारी त्यांना आई आठवली.

आई लोकांची लोकरकामं करायची. वडील गेल्यावर घर त्यावरच उभं राहिलं. लोकर लडीनं यायची, आणि लडीचा गुंडा करायचा म्हणजे समोर कुणीतरी दोन्ही हात पसरून बसायला हवं. ते काम धाकट्याचं, म्हणजे दादांचं. तो हातांत लडी अडकवून बसे आणि आई समोर बसून भराभरा गुंडाळत जाई. थोड्या वेळानं दंड भरून येत. मग तो पसरलेले हात गोल गोल फिरवायचा, तोंडानं इंजिनाचा आवाज काढायचा, मध्येच हॉर्न द्यायचा. लडीचा गुंता व्हायचा, पण आई चिडत नसे. म्हणायची, "ड्रायव्हर, गाडी जरा सरळ ठेवा. आत म्हातारी माणसं बसलीत."

एकदा आई आत गेलेली बघून त्यानं तिची सुई उचलली होती. साखळीचे जेमतेम चार टाके घातले असतील, तेवढ्यात मामा आले आणि खो खो हसत सुटले. "अगं ए, तुझा मुलगा की मुलगी गं हा?" आई बाहेर आली. तिनं सुई त्याच्या हातातून काढून घेतली आणि वरच्या फळीवर ठेवून दिली. रागावली नाही, काही बोललीही नाही. त्यानंतर त्यानं सुईला कधी हात लावला नाही. लडी धरायची आणि गाडी हाकायची, एवढंच त्याच्या वाट्याला राहिलं.

"चादरीचा दोरा ओढून ओढून अर्धी चादर उसवलीस की," ताईच्या आवाजानं दादा भानावर आले. खरंच, बोटाभोवती भला मोठा दोरा गुंडाळला गेला होता.

"शिकायचंय का?" तिनं मान वर न करता विचारलं.

"मी? काहीतरीच तुझं."

दादांनी बोटाभोवतीचा दोरा सोडवला. मग दादा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "अवघड असतं का गं फार?"

"चढावर गाडी मागं घेण्यापेक्षा सोपं."

दादांनी हात पुढे केला. ताईनं सुई छातीशी धरली. "ही नाही मिळायची. तुझी तू आण. तुझ्या सीटवर दुसरा कुणी बसला, आरसा हलवून गेला, की दिवसभर धुसफुसतोस ना? तसंच असतं हे."

हे मात्र दादांना लगेच पटलं. त्या संध्याकाळी त्यांनी वहिनींना सांगितलं, उद्या येताना एक सुई आणि थोडी लोकर आण. वहिनी दुसऱ्या दिवशी दमून भागून येताना कोपऱ्यावरच्या वह्या-पेन्सिलींच्या दुकानात शिरल्या आणि तिथं जे मिळालं ते घेऊन आल्या: काळी, केसाळ, बारीक लोकर आणि दाभणासारखी सडपातळ पोलादी सुई.

दादांनी दोन दिवस त्या सामानाशी कुस्ती खेळली. काळ्या लोकरीत टाका कुठं सुरू होतो आणि कुठं संपतो ते दिसेना. केसाळ धागे एकमेकांत अडकून बसत, उसवायला जावं तर गाठी. सुई त्यांच्या पंजात हरवून जाई आणि सापडे ती बोटात रुतूनच. शेवटी त्यांनी सगळं खाटेखाली भिरकावलं. "ताई, हे आपलं काम नव्हे. आईनं सुई फळीवर ठेवली ती काही उगाच नाही."

ताईनं चमकून भावाकडे पाहिलं. पण बोलली एवढंच, "तुझ्यात खोट नाहीये, सामानात आहे. उद्या मास्तरांना बोलाव. आपण दुकानात जाऊ."

मास्तर रजा टाकून आले. एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला ताई, मध्ये कुबड्यांवर दादा, अशी वरात बाजारातल्या लोकरीच्या दुकानात पोचली. दुकान कसलं, बोळच तो. दोन्ही भिंतींना जमिनीपासून छतापर्यंत लोकर, मध्ये एक शिडी, आणि नव्या लोकरीचा नि डांबरगोळ्यांचा मिळून एक उबदार वास. दादा दारातच थबकले. लहानपणी आईचं बोट धरून गेलो होतो ते दुकान वेगळं, हे वेगळं. पण वास तोच होता.

आत पाच-सहा बायका होत्या. सगळ्यांनी वळून पाहिलं. मास्तरांना गर्दी दिसली की राहवत नसे. "चला, पुढं सरका, पुढं सरका, मध्ये बरीच जागा आहे!" बायका हसल्या आणि खरोखरच सरकल्या. गल्ल्यामागच्या काकूंनी दादांना खुर्ची दिली.

"कुणासाठी हवंय?"

"माझ्यासाठी," दादा म्हणाले. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या, पण म्हणाले.

काकूंनी भुवईसुद्धा उंचावली नाही. दादांची नजर तोवर काचेमागच्या एका चकचकीत डबीवर गेली होती. त्यात बारीक ते जाड अशा रंगीबेरंगी सुया ओळीनं मांडल्या होत्या. "तो अख्खा संच द्या. करायचं तर नीट करू."

"संच मी आनंदानं विकेन," काकू म्हणाल्या, "पण तुम्ही त्यातली एकच वापराल आणि बाकीच्या धूळ खातील. आधी हात बसू दे."

त्यांनी गल्ल्यावर तीन सुया ठेवल्या. "डोळे मिटा आणि धरून बघा."

दादांनी डोळे मिटले. पहिली वहिनींनी आणलेल्या सुईची सख्खी बहीण. बोटांना ती लागेचना. दुसरी लाकडी, गुळगुळीत, पण पळी धरल्यासारखी वाटली. तिसरी साधारण पेन्सिलीएवढी जाड, हलकी, आणि मध्ये अंगठा टेकायला चपटी जागा. अंगठा आपणहून तिथं जाऊन बसला. नवी गाडी हातात आल्यावर पहिल्याच वळणावर कळतं ना, ही आपलं ऐकणार, तसं त्यांना वाटलं.

"ही."

"आता तिच्या तोंडावरून बोट फिरवा. खरखर लागली तर लोकर अडकते, फार टोकदार असली तर धागा फाटतो."

बोट अलगद घसरलं. सुई ठरली.

लोकरीपाशी मात्र भांडण झालं. दादांना सात रंगांची, इंद्रधनुष्य उतरल्यासारखी लोकर हवी होती. ताईनं ती हातातून काढून घेतली. "रंग बदलत गेले की टाका मोजता येत नाही. आणि काळी तर तू बघितलीसच. दिवे न लावता रात्रीची फेरी मारणं ते. फिकट घे, एकरंगी घे, गुळगुळीत घे. आपली चूक आपल्याला दिसली पाहिजे."

काकूंनी एका गुंड्याचं टोक सोडून दादांच्या हातात दिलं. "पीळ उलटा फिरवून बघा." धाग्याच्या चार फाकी झाल्या. "ही नको, सुई मधूनच घुसेल." दुसऱ्या गुंड्याचा पीळ घट्ट होता. मध्यम जाडीची, सायीच्या रंगाची लोकर. काकूंनी वेष्टनावरचा सुईचा नंबर दाखवला, तो दादांच्या सुईशी जुळत होता. मग त्याच खेपेचा आणखी एक गुंडा त्यांनी शोधून काढला. एकाच नावाचा रंग असला तरी खेप बदलली की छटा बदलते, हे दादांना नवीन होतं.

बाकी सामान चुटकीसरशी झालं. एक छोटी धारदार कात्री. शेवटची टोकं आत लपवायला बोथट टोकाची, मोठ्या नेढ्याची सुई. एक मापाची टेप. टाक्यात खूण म्हणून अडकवायच्या प्लॅस्टिकच्या चिमुकल्या कड्या काकूंनी दाखवल्या, तर ताई म्हणाली, "त्या राहू द्या, घरात सेफ्टी पिना ढिगानं आहेत." एवढ्यात दादांनी पाहिलं, मास्तरांनी लाल भडक लोकरीचा एक गुंडा काखेत मारला होता.

"हे काय, मास्तर?"

"काही नाही. सहज. रंग बरा वाटला."

पुडकं बांधता बांधता काकूंनी विचारलं, "याआधी कधी केलंय का?"

"छे. लडी धरलीय फक्त," दादा म्हणाले.

ताईनं तोंड फिरवलं आणि फळीवरची लोकर निरखत उभी राहिली.

परतताना मास्तर टॅक्सी शोधायला पुढे गेले, तेव्हा ती दुकानाच्या पायरीवर दादांशेजारी बसली. "तू काल म्हणालास ना, आईनं सुई उगाच फळीवर नाही ठेवली. तुला काय वाटलं, तू काही चुकलास?"

"म्हणजे काय? मुलांनी करायचं नसतं म्हणूनच ठेवली."

"वेड्या, मामांच्या हसण्याला ती भ्याली. त्यांच्याशी भांडण काढायची सोय नव्हती, त्यांचा आधार होता आपल्याला. पोराला आज मामा हसला, उद्या गल्ली हसेल, मग याच्या मनाला लागेल, असं म्हणून तिनं सुई ठेवली. पण तुझ्या त्या साखळ्या तिनं उसवल्या नव्हत्या. मला दाखवत म्हणाली होती, 'बघ कशा एकसारख्या घातल्यात. हात आहे याला.' पुढं कितीदा तरी हळहळली."

दादांनी कुबड्या मांडीवर आडव्या घेतल्या. बाजारातली माणसं समोरून येत-जात होती. इतकी वर्षं ते मनाच्या एका कोपऱ्यात धरून चालले होते, की आपण काहीतरी वावगं केलं होतं आणि आईनं पोटात घातलं. मास्तर टॅक्सी घेऊन आले, तेव्हा दादा बाहीनं नाक पुसत होते. "धूळ फार आहे इथं," ते म्हणाले. मास्तरांनी धूळ आहे असं लगेच मान्य केलं.

मग शिकवणी सुरू झाली. आधी साखळीचा टाका, मग मुका खांब हा आखूड टाका, मग खांब हा उंच टाका. ताई गुरू म्हणून कडक. "उसव" हा तिचा आवडता शब्द. दादांचा पहिला मफलर एका टोकाला वीतभर रुंद आणि दुसऱ्या टोकाला चिंचोळा झाला, कारण प्रत्येक ओळीचा शेवटचा टाका ते गिळून टाकत. ताईनं ओळीच्या पहिल्या आणि शेवटच्या टाक्यात सेफ्टी पिन अडकवली, तेव्हा कुठं कडा सरळ आल्या. वहिनी घरी आल्या की आधी नवरा बघायच्या आणि मग मफलर. हळूहळू हा क्रम उलटा झाला.

प्लॅस्टर निघालं, दादा कामावर रुजू झाले. पिशवी सीटमागं. शेवटच्या थांब्यावर गाडी उभी राहिली, की पुढची फेरी सुटेपर्यंत सुई बाहेर. डेपोत व्हायची तेवढी थट्टा झाली. "दादा, गाडीला स्वेटर कधी घालताय?" दादांनी सीटवर टाकायला जाड गादीच विणली. थंडी पडल्यावर थट्टा करणाऱ्यांतलाच एक मेकॅनिक हळूच येऊन विचारून गेला, कानटोपीला लोकर किती लागते. मास्तरही दादांकडून शिकले, आणि त्यांचा लाल गुंडा तर त्यांच्याच हातून तिकिटाच्या यंत्राची पिशवी होऊन त्यांच्या गळ्यात मिरवायला लागला. ती वाकडी होती, पण मास्तर ती प्रवाशांना न विचारता दाखवत.

ताई पुढं दादांकडेच राहायला आली. दृष्टी अधू झाली तेव्हा तिनं नाजूक काम सोडलं, जाड लोकर घेतली आणि बोटांनी चाचपून विणत राहिली. एका हिवाळ्यात, चार दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन, ती गेली. दादांनी बरेच महिने पिशवी उघडली नाही. मग नात व्हायच्या वेळी सासरी असलेल्या लेकीनं फोनवर एवढंच म्हटलं, "बाबा, माझ्या बाळाला सगळं बाजारातलंच घालायचं का?" आणि त्यांनी पिशवी उघडली.

आता डेपोच्या जागी मोठ्या इमारती झाल्या आहेत. काकूंचं दुकान त्यांच्या मुलांनी विकलं. तिथं मोबाइलची कव्हरं मिळतात. दादा अजून त्या बाजूला गेले की पायरीपाशी जरा रेंगाळतात. लेक लोकर फोनवरून मागवून देते, आणि दर वेळी तोच वाद होतो.

"बाबा, फोटो बघा ना, किती छान रंग आहे."

"रंग बघितला गं. पीळ कसा बघू? फोटोला हात लावून लोकर कळते का?"

लोकर घरपोच येते. दादा टोक सोडतात, उलटा पीळ देऊन बघतात, नाक मुरडतात आणि विणायला घेतात.

दुपारी मास्तर येतात. गुडघे कुरकुरतात त्यांचे, पण जिना चढून येतात. दोघं आपापली सुई काढून खिडकीशी बसतात. कुठल्या वळणावर गाडी बंद पडली होती, कुठल्या थांब्यावर एक म्हातारा रोज बस थांबवून नुसता वेळ विचारायचा, अशा गोष्टी निघतात आणि मध्येच कुणाचा तरी टाका चुकतो. आतून वहिनींची हाक येते, "चहा गार होतोय हं!" दोघंही "आलो, आलो" म्हणतात आणि उठत कुणीच नाही. हातातली ओळ संपायची असते.