नावं काढून टाक

"फी माफ. स्कॉलरशिप. बसचा पास सवलतीत. आणि आता सॉफ्टवेअरपण फुकटचं. काही विकत घ्यायचं असतं, हे तुमच्या घरात कुणी शिकवलंच नाही का गं?"

सरांनी हे भर लॅबमध्ये विचारलं. माझ्या लॅपटॉपकडे बोट दाखवून. मागून कुणीतरी म्हणालं, "सर, लॅपटॉपपण कुणाचातरी उतरलेला असेल." सगळे हसले. सरही हसले. मीसुद्धा हसले. घाबरले की माझं तोंड आपोआप हसतं.

मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. बाबा जालन्याकडून इकडे आले. चाकणच्या एका कंपनीत पत्रे दाबायच्या प्रेस मशीनवर आहेत, कंत्राटी. आम्ही तळवड्याला एका खोलीत राहतो. हे सर माझे प्रोजेक्ट गाईड. पहिल्या दिवशी त्यांनी माझं नाव विचारलं. मी नुसतं नाव सांगितलं. ते म्हणाले, "आडनाव?" मी सांगितलं. ते "अच्छा" म्हणाले. त्या "अच्छा"मध्ये सगळं आलं. पुढचं वर्षभर मी त्या एका शब्दाला घाबरून वावरले.

माझा प्रोजेक्ट गिअरबॉक्सच्या कंपनांचा होता. यंत्राची थरथर मोजायची, तिचे आलेख काढायचे, त्यावरून आत काय बिघडतंय ते ओळखायचं. त्यासाठी आकडेमोडीचं मोठं सॉफ्टवेअर लागतं. कॉलेजने ते विकत घेतलेलं होतं, पण ज्या दोन-तीन कॉम्प्युटरवर ते होतं, तिथे सरांच्या मर्जीतली मुलं बसायची. मी विचारलं तेव्हा सर म्हणाले, "तुझं काय अडलंय? बघू नंतर." ते नंतर कधी आलंच नाही.

म्हणून मी मोफत मिळणारं सॉफ्टवेअर घेतलं. कंपनं तपासायची सोय त्यात मुळात नव्हती. पण त्याला वरून जोडायचे जास्तीचे भाग मिळतात. टूलबॉक्स म्हणतात त्यांना. ते कुठली कंपनी बनवत नाही. जगभरातली माणसं आपली नोकरी, आपलं शिक्षण सांभाळून बनवतात आणि सगळ्यांसाठी ठेवून देतात. कुणीही घ्यावं, बदलावं, पुढे द्यावं. अट एकच. ज्यांनी बनवलं त्यांची नावं काढायची नाहीत. टूलबॉक्स चालू केला की आधी ती नावं पडद्यावर येतात, मग कामाला सुरुवात होते.

मला हवा तो टूलबॉक्स मिळाला. पण त्यात एक खोट होती. रेकॉर्डिंगमध्ये मधेच एखादा आकडा रिकामा असला की अख्खा आलेख चुकायचा. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. आपलंच चुकत असणार, ही आमच्या घरातली सवय. खूप दिवस मी माझ्यातच चूक शोधत राहिले. मग खोट सापडली. चार ओळींची दुरुस्ती केली. ती त्या लोकांना पाठवायला हात धजेना. माझं इंग्रजी कच्चं. हसले तर? मजकूर लिहिला, पुसला, परत लिहिला. शेवटी डोळे मिटून पाठवला.

दोन-तीन दिवसांनी उत्तर आलं. टूलबॉक्स सांभाळणाऱ्या एका बाईंचं. त्यांनी लिहिलं होतं, हे आमच्या कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, आभार. आणि पुढे एक प्रश्न. तुझं नाव कसं लिहू?

मला आजवर कुणी असं विचारलं नव्हतं. आडनाव लिहावं की नको? भीती तिथेही होतीच. मग लिहिलं. पूर्ण. त्यांनी ते तसंच्या तसं नावांच्या यादीत शेवटी जोडलं. कुठली, कुणाची, काहीही न विचारता.

हे मी कॉलेजात कुणालाही सांगितलं नाही.

मग कॉलेजच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स संपलं. नवं यायला उशीर होता. आणि चाकणच्या एका मोठ्या कंपनीचे साहेब सरांचं कंपनांवरचं काम बघायला येणार होते. सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"तुझं ते फुकटचं चालू कर बरं."

मी उभ्यानेच चालू केलं. नावं आली.

"हे काय येतंय?"

"सर, ज्यांनी बनवलंय त्यांची नावं आहेत."

"ती काढून टाक. तिथे आपल्या डिपार्टमेंटचं नाव टाक. खाली माझं." मग ते पडद्याकडे वाकले. "थांब. हे शेवटचं तुझं नाव?"

"हो सर. एक दुरुस्ती केली होती."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. वर्षात पहिल्यांदा नीट पाहिलं असेल. मग खुर्चीत मागे रेलले. "बरं. तुझं राहू दे. माझ्या खाली. बाकीची काढ. साहेबांना सांगतो, आमच्या मुलीने बनवलंय. तिथे नोकरीचंही बघू तुझ्या."

आमच्या मुलीने.

खोटं कशाला सांगू, क्षणभर ते गोड लागलं. बाबा ज्या चाकणला कंत्राटावर राबतात, तिथेच मी कायम नोकरीत. पण लगेच दुसरं दिसलं. माझं नाव राहणार होतं ते इतरांची पुसून. आणि पुसणारा हात माझा असणार होता. ज्या बाईंनी मला नाव विचारलं, त्यांचंच नाव मी आधी खोडायचं होतं.

मी म्हणाले, "सर, नावं नाही काढणार."

"काय म्हणालीस?"

"वापरायला कुणाचीच ना नाही, सर. कंपनीला दाखवा. पण नावं ठेवून."

"कळतंय का, कुणाशी बोलतेयस?"

"हो सर."

ते आवाज न चढवता बोलले. त्याची मला जास्त भीती वाटली. "तुमच्या लोकांना जरा वर घेतलं की हे असं. इंटर्नल मार्क माझ्याकडे आहेत. कंपनीत कुणाला पाठवायचं ते मीच ठरवतो. जा आता."

मी बाहेर आले. लॅबचे शिपाईमामा दारातच होते, चाकणजवळच्या गावातले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. हळूच म्हणाले, "पोरी, काढून टाकायची की. कोण बघतंय? समद्या नाड्या त्यांच्या हातात हायेत."

घरी बाबा म्हणाले, "सरासंग वाकडं घेऊ नको, बाई. आपण गरीब मानसं. उद्या जाऊन पाया पड." बाबांनाही भीतीच वाटत होती. त्यांच्या भीतीपुढे मला माझी भीती लहान वाटली.

पाया पडायला मी गेले नाही.

सरांनी मग मर्जीतल्या एका मुलाकडून नावं काढून घेतली. नावं काढायला अक्कल लागत नाही. कंपनीचे साहेब आले, चहा घेतला, सरांचं कौतुक करून गेले. माझे इंटर्नल मार्क काठावर आले. त्या कंपनीच्या मुलाखतीला मला बोलावणं नाही.

मी त्या बाईंना पत्र लिहिलंय. काय झालं ते सगळं, माझ्या कच्च्या इंग्रजीत. विभागप्रमुखांकडेही लेखी तक्रार दिली. ती घेताना त्यांनी वर पाहिलं नाही.

आता तोंडी परीक्षा आहे. बाहेरचे परीक्षक येतील. शेजारी सर बसलेले असतील. मला झोप लागत नाही, जेवण जात नाही. पण काय करायचं ते ठरलंय. मी माझ्या लॅपटॉपवरचा टूलबॉक्स चालू करणार. पडद्यावर नावं येतील. ती मी घाईने पुढे ढकलणार नाही. एकेक मोठ्याने वाचणार. मग परीक्षकांना सांगणार की हीच नावं या विभागात पुसली गेली आणि कुणी पुसायला लावली.

आवाज कापेल. सर नापास करतील. करू देत, परत बसेन. आणि परत तेच वाचेन.