माझ्या पाठीशी बसलेला जवान

गेल्या रविवारी मी खाडीच्या गाळात मांड्यांपर्यंत रुतलो होतो. नातेवाइकांमध्ये या प्रकाराच्या बऱ्याच आवृत्त्या फिरताहेत, म्हणून म्हटलं एकदा आपणच लिहावं...

मी कोपरीत राहतो. रिटायर झाल्यापासून संध्याकाळी आमच्या टिपूला घेऊन खाडीच्या बाजूला फिरायला जातो. त्या दिवशी ओहोटी होती, तिवरांच्या झाडीपुढे सगळा गाळ उघडा पडलेला. टिपूला बगळा दिसला, त्याने हिसका दिला आणि पट्टा माझ्या हातातून सुटला.

कुत्रा हलका, तुरुतुरु पळत गेला. मी त्याच्या मागे थोडासाच पुढे गेलो आणि उजवा पाय गुडघ्यापर्यंत आत. तो काढायला डाव्यावर जोर दिला, तर डावा त्याहून खोल. जितकी धडपड केली तितका खाली गेलो. टिपू मात्र बगळ्याचा नाद सोडून परत फिरला, बांधावर चढला आणि तिथून माझ्यावर भुंकत बसला.

मोबाईल? घरी, चार्जिंगला.

त्या भुंकण्यामुळेच बांधावरून टोपली घेऊन चाललेल्या एका कोळी बाईंनी वळून पाहिलं. "अवो काका, हलू नका! भरती लागलीय!" असं ओरडत त्यांनी लगेच फोन लावला.

भरती... तोपर्यंत ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मान वळवून पाहिलं तर मघाशी लांब चमकणारं पाणी आता फारसं लांब नव्हतं.

फायर ब्रिगेडची गाडी आली. आग विझवणारी माणसं इथे काय करणार, असंच मला वाटलं. पण त्यांच्यात रेस्क्यूची वेगळी टीम असते, हे मला त्या दिवशी कळलं. लिफ्टमध्ये, विहिरीत, पडलेल्या बिल्डिंगखाली, खाडीत... कुठेही अडकलेल्या माणसाला सोडवायचं, हेच त्यांचं काम.

त्यांनी गाळावर शिड्या आणि फळ्या आडव्या टाकल्या आणि कमरेला दोर बांधून दोघं जण सरपटत माझ्यापर्यंत आले. एकाने पाण्याचा पाईप माझ्या पायाशी खुपसला. आतून पाणी सोडलं की गाळ सैल होतो म्हणे. दुसरा, तिशीच्या आतला असेल, माझ्या मागे गेला.

"काका, मागे टेका."

"कशाला टेकू?"

"मला."

फळीवर पाय फाकून तो माझ्या पाठीशी बसला आणि काखेतून हात घालून त्याने मला धरलं. "सगळं वजन टाका माझ्यावर. लाजू नका."

टेकलो. खरं सांगू? लहानपणी तापात वडील असं धरून बसायचे, त्यानंतर मला कोणी असं धरलेलं नाही. साठी उलटलेल्या पुरुषाला आपल्याकडे कोण जवळ घेतं...

तो सारखा बोलत होता. कुत्रा काय खातो, कुठे नोकरीला होतात, काकूंच्या हातचं काय आवडतं... पाणी पोटाला लागलं तरी याचे प्रश्न चालूच. मग फळी हलायला लागली आणि बांधावरून त्यांचे साहेब काहीतरी ओरडले. मला काय ते कळलं नाही, पण आवाज कळला.

मी म्हटलं, "अरे, पाणी वाढलं तर तू निघ हं. मी सांगतोय म्हणून निघ."

त्याने पकड आणखी घट्ट केली. मग म्हणाला, "काका, तुम्ही माझ्या मांडीवर बसलाय. तुम्ही उठल्याशिवाय मी निघू कसा?"

मी हसलो हो... त्या अवस्थेत, खाडीच्या पाण्यात, चक्क हसलो.

डावा पाय सुटला. उजव्याला बराच वेळ लागला, पाणी छातीपर्यंत आलं. सुटल्यावर त्यांनी मला शिडीवर आडवं केलं आणि दोराने बांधावर ओढून घेतलं. कोणीतरी घरी कळवलं असावं, तिथे सुनंदा, माझी बायको, पोचलेली होती. तिने आधी माझ्या दंडावर एक फटका मारला, मग रडली.

दोन-तीन दिवसांनी आम्ही दोघं फायर स्टेशनला गेलो. सुनंदाने ओल्या नारळाच्या करंज्या केल्या होत्या. तो समोर दोर धूत उभा होता आणि मी त्याला ओळखलंच नाही. चिखलाशिवाय पहिल्यांदाच बघत होतो ना!

करंजी खाता खाता हळूच म्हणाला, "काका, एक सांगू? जाम घाबरलेलो मी. छाती धडधडत होती आणि तुमची पाठ नेमकी तिलाच टेकलेली. तुम्हाला कळू नये म्हणून बडबडत होतो."

मला ती धडधड जाणवली होती. मी समजत होतो, माझीच आहे.

सुनंदाने विचारलं, "आईला सांगितलंस का रे हे?"

बाकीचे जवान हसायला लागले. तो ओशाळला. "नाही काकू. ती गावी असते, कोकणात. तिला वाटतं मला ऑफिसात बसून फोन घ्यायचं काम आहे."

सुनंदा हसली नाही. तिने आणखी एक करंजी त्याच्या हातावर ठेवली आणि तो ती संपवेपर्यंत तिथेच उभी राहिली.

निघताना मी फोटो काढायला मोबाईल काढला, तर त्याने हातच जोडले. "फोटो नको काका, नाव पण नको. आई दिवसभर मोबाईलवर पोस्टी वाचत असते."

म्हणून नाव लिहिलेलं नाही.

तर कोकणातल्या कुठल्याशा गावातल्या माउली, तुम्ही हे वाचत असाल तर अजिबात काळजी करू नका. तुमचा मुलगा ऑफिसात बसून फोनच घेतो. हा दुसराच कोणीतरी आहे... पण त्याच्या आईला आम्हा दोघांचा नमस्कार सांगा.